रिकामी पाळी

"आधी ऐका," म्हणत ते डावा पंजा आमच्या तोंडासमोर धरायचे. उजव्या हातात टेलिफोन, डोळे मिटलेले, आणि चेहरा असा, की पलीकडून कुणी गेल्याचीच बातमी येणार. बातमी बहुधा एवढीच असे, की छोटी गाडी सुटली, आणि डब्यात कुणाची तरी शेळी आहे.

नाव सांगत नाही. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो, लाइनवरचे सगळे 'मास्साब'. ग्वाल्हेर स्टेशनाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं बसत होतो. ते मुख्य, मी त्यांच्या हाताखाली.

ती लाइन कशी होती ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. छोट्या रुळांच्या कडेने एकच तार, आणि तिच्यावर सगळी स्टेशनं. एक बोलला की सगळ्यांना ऐकू जायचं. दोघं एकदम बोलले, की दोघांच्याही बोलण्याचं वाटोळं. वर खरखर तर बारा महिने. तारेवर माकडं झोके घेत, वेली चढत. म्हणून मास्तरांनी संस्थानच्या काळात पाळी लावून दिली होती. शेवटच्या स्टेशनापासून सुरुवात. एकेकाने आपल्या स्टेशनाचं नाव सांगायचं, काम सांगायचं, गप्प बसायचं. सगळ्यांत शेवटी ग्वाल्हेर, म्हणजे मास्तर स्वतः. एखाद्याची पाळी आली आणि आवाज आला नाही, तर ती रिकामी सोडायची, तोवर कुणी ब्र काढायचा नाही. "बिचारा बोलत असेल," मास्तर म्हणत, "आपल्यालाच ऐकू येत नसेल."

मास्तर भित्रे. अहो, भित्रे म्हणजे किती! बिर्लानगरच्या गिरणीचा भोंगा रोजचा, तरी रोज दचकायचे. किला गेटजवळ राहत. घराला कुलूप लावून निघाले, की चौकातून परत जाऊन ते ओढून बघत. मी एकदा चिडवलं, "मास्तर, तुमचे आजोबा म्हणे फौजेत होते?"

"होते ना. सगळं शौर्य त्यांनीच खर्चून टाकलं. आमच्या वाट्याला ही शिल्लक."

मग संस्थान विलीन झालं. आमची छोटी गाडीही मोठ्या रेल्वेत जाणार असं ठरलं. कोण राहणार, कोण घरी बसणार, कुणाची बदली कुठल्या मुलखात, काही कळेना. मास्तरांचा चहा कपातच निवायला लागला. नवे साहेब आले, परप्रांतातले. माणूस वाईट नव्हता. पाळीत फार वेळ जातो म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. "जिसको काम हो, वो बोले." झालं! ज्याचा गळा मोठा, त्याची लाइन. मास्तर "जी साब" म्हणाले, आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "मला भीती वाटतेय रे." मी हसलो. त्यांना भीती वाटत नाही अशी गोष्ट होती कुठे!

ती ज्येष्ठातली दुपार. मास्तरांची कुसुम पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती, आई तिला आणायला गेली होती. आमराईच्या स्टेशनवाल्याने सगळ्या लाइनला सांगूनही टाकलं, "मास्साब, बिटिया बैठ गई, लड्डू तैयार रखिए." गाडी पुढे पुलाचं स्टेशन सोडून चढावाच्या स्टेशनाकडे निघाली, आणि धुळीची आंधी उठली. भर दुपारी खोलीत अंधार. चढावाच्या स्टेशनात खडी वाहणारं इंजिन पुलाकडे यायला तयार उभं होतं. गाडी आत आल्याशिवाय ते सोडायचं नव्हतं, रूळ एकच ना! तसं चढाववाल्याला मास्तरांनी सांगितलं होतं, पण तेव्हा लाइनवर तिघं-चौघं एकदम बोलत होते. त्याने ऐकलं की नाही, देव जाणे.

"चढाव, इंजन रोक रखा है ना?" मी ओरडलो. उत्तर नाही. आणि मग सगळी लाइन मदतीला धावली! पूल ओरडतोय, आमराई ओरडतोय, "चढाव! अरे बोलो चढाव!" जो तो जीव तोडून ओरडत होता, आणि त्यात कुणाचंच काही कळत नव्हतं. साहेब दारात उभे, पांढरेफटक.

मास्तरांनी फोन माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, आता हा बाप किंचाळणार.

"सब चुप," ते हळू म्हणाले. "चढाव की बारी है." पुन्हा तेच, तितकंच हळू. एकेक आवाज गळत गेला.

पोरगी तिकडे रुळांवर, आणि बापाने बोलायचं नाही. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला, तो त्यांनी पुसला नाही. मी मारुतीला नवस बोलून मोकळा झालो. नुसती खरखर. मला राहवेना, मी फोनकडे हात नेला, तर त्यांचा डावा पंजा वर.

आणि कुठून तरी तळातून, मुंगीएवढा आवाज आला, "...रोक रखा है, मास्साब. कब से बोल रहा हूँ. गाड़ी आ गई."

कब से बोल रहा हूँ! मास्तर मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. साहेबांनी स्वतः त्यांना पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी पुन्हा सुरू झाली. हुकूम कुणी काढला नाही, साहेबांनीही काही विचारलं नाही.

नातू झाला. लाडू देताना मास्तर म्हणाले, "केवढ्याने रडतो रे! मला तर भीतीच वाटते."

पुढे गाडी मोठ्या रेल्वेत गेली आणि मास्तरांची बदली पार दक्षिणेत झाली. निघताना गाडी हलली तरी खिडकीतून विचारत होते, "कुलूप ओढून बघितलंस ना रे?" तिकडेच, पावसाळ्यात, ते गेले. एवढ्या भित्र्या माणसाला परक्या गावात मरावं लागलं, याचं मला अजून फार वाईट वाटतं.

ते कळलं त्या सकाळी मी लाइनवर सांगितलं. मग रोजच्यासारखी पाळी सुरू झाली. आमराई बोलला, पूल बोलला, चढाव बोलला. शेवटी ग्वाल्हेर. ती पाळी आता माझी होती, पण मी ती रिकामीच ठेवली. मध्ये कुणी बोललं नाही. नुसती खरखर. मला एकाएकी भीती वाटली, की आपण घाईने बोललो आणि त्याच वेळी तिकडून...

मी फोन कानाशी आणखी घट्ट धरला.