गिळताना पाहिलंस का?

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. सांगायला बसायचो आणि पेन्शनचं, पाण्याच्या टाकीचं असं दुसरंच काही बोलून उठायचो. तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही. म्हणून तुमच्यापुढे कदाचित जमेल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. द्राक्षाची वाईन काढणारे कारखाने तेव्हा आमच्या नाशिककडे नवलाचेच होते. वाईन वेगळी आणि दारू वेगळी, असं कुणी म्हणालं तर लोक हसायचे. आमच्या घरी हसलेही नसते. आम्ही बौद्ध. माझे वडील, अण्णा, शाळामास्तर. रोज संध्याकाळी वंदना व्हायची, आणि मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील म्हणताना अण्णांचा आवाज जरा चढायचा. त्यांच्या बापाला दारूनंच नेलं होतं.

अशा घरात माझ्या धाकट्या बहिणीला, सुजाताला, स्थळ आलं ते वाईनच्या कारखान्यातल्या केमिस्टचं. मिलिंद. निफाडकडचा, आपल्याच समाजातला, एम. एस्सी. झालेला. बघण्याचा कार्यक्रम झाला त्या दिवशी मी ओझरला ड्युटीवर होतो. पुढचे काही दिवस सुजाता न सांगता माझे शर्ट इस्त्री करून ठेवत होती. मी समजलो.

अण्णांना मात्र चैन नव्हतं. दिवसभर त्यात हात घालणारा माणूस कोरडा राहील कसा? आमच्याकडे पोरगी देण्याआधी गुपचूप चौकशी करायची रीत आहे — शेजारी, पानाची टपरी, कामाची जागा. मिलिंदनं मला पाहिलं नव्हतं. म्हणून मला पाठवायचं ठरलं. सोबत मामा.

माझ्या ओळखीचा एक बागायतदार आपल्या गावच्या मंडळींना घेऊन मॅटाडोरनं दिंडोरीकडच्या बागा आणि कारखाने बघायला निघाला होता. त्यात आम्ही घुसलो. वाटेत मामा एकच सांगत होता, "बोलण्यावर जाऊ नको. तोंडाजवळ जा अन् वास घे." पहिल्या कारखान्यात तो पायरीसुद्धा चढला नाही. दुसऱ्यात, मिलिंदच्या, तर त्याला चढताच येत नव्हतं. बघण्याच्या दिवशी तो समोरच बसला होता, मिलिंदनं लगेच ओळखलं असतं. तो गाडीत रुमालानं वारा घेत बसला.

आणि मी? मी आत संशय घेऊनच गेलो. पोरगा हसला तर वाटलं, जास्त हसतो. डोळे जरा लाल दिसले — जागरण, की दुसरं काही? चाखायची खोली म्हणजे एक लांब टेबल, वर पांढरा कपडा, ग्लास, आणि कडेला पितळी पिकदाणी. तो घोट घ्यायचा, जिभेवर फिरवायचा आणि पिकदाणीत टाकायचा. प्रत्येक वेळी. एका बागायतदारानं टोमणा मारला, "साहेब, हे म्हंजे लग्नात वाढपी व्हायचं अन् उपाशी घरी जायचं." सगळे हसले. मिलिंद म्हणाला, "काका, आमची आई दारातच वास घेते. उपाशी गेलेलं बरं."

मला ते पाठ केलेलं वाटलं. लोकांसमोर कुणीही थुंकेल. एकटा असताना काय करतो? मंडळी टाक्या बघायला पुढे गेली तसा मी बुटाची लेस बांधायच्या निमित्तानं दाराआड थांबलो. तो एकटाच होता. त्यानं उरलेले ग्लास एकेक करून मोरीत ओतले, पाण्यानं खळखळून चूळ भरली आणि डब्यातला पावाचा तुकडा चघळत खिडकीशी उभा राहिला. बस. एवढंच. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आता पुढचं. त्या टेबलाशी मी एकही घोट थुंकला नव्हता. दोन्ही कारखान्यांत. आधी वाटलं, चारचौघांत कसं थुंकायचं. मग — खरं सांगतो — आवडली. दुसऱ्यांदा ग्लास पुढे केला, तिसऱ्यांदाही. जन्मात पहिल्यांदा. शील मोडतंय हे कळत होतं, आणि तरी कान गरम होऊन हलकं हलकं वाटत होतं ते बरं वाटत होतं.

पहिल्या कारखान्यानंतर मी मागच्या बाकावर बसलो होतो. या वेळी गाडीत चढलो आणि मामा एकदम जवळ सरकला. ज्याचा वास घ्यायचा तो राहिला बाजूला. "तू पिलास?" तो हळूच म्हणाला. "अण्णाला काय तोंड दाखवशील?"

मी म्हणालो, "त्यानं पाजली. गळ्यात पडला. तो तर रोजच पितो."

इतक्या सहज निघालं ते. घाबरून बोललो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तरी मी म्हणत होतो." त्याला हवं तेच त्याला मिळालं होतं. मग ते अण्णांना मिळालं, मग साऱ्या नातलगांत फिरलं. मिलिंदला पुढे दुसरीही स्थळं नकार देत गेली, असं कानावर आलं. मी विचारायला गेलो नाही.

पण खरी गोष्ट ती नाही. तिकडेच यायला मी इतका वेळ घेतोय.

नकार कळवायच्या आधी सुजाता मागच्या अंगणात आली. मी सायकल पुसत होतो. तेव्हा घाबरलेलो नव्हतो, डोकं ताळ्यावर होतं. ती म्हणाली, "भाऊ, बघायला आले होते तेव्हा त्यांनी मला आपणहून सांगितलंय. चाखतो, पण गिळत नाही. तुम्हाला चालेल का, असंही विचारलं. मी हो म्हटलं." मग म्हणाली, "तू गिळताना पाहिलंस का?"

तिनं मला दार उघडून दिलं होतं. 'नीट दिसलं नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मग मामानं विचारलं असतं, अण्णांनी विचारलं असतं — आणि माझा वास कुठून आला ते निघालं असतं. अण्णांच्या नजरेतून उतरायचं, की हिचं मोडायचं? मला फार वेळ लागला नाही.

"हो," मी म्हणालो. "पाहिलं."

ती मान हलवून आत गेली. रडली नाही. पुढे तिचं लग्न झालं, संसार बरा चाललाय. अण्णा गेले ते माझ्यावर विश्वास ठेवून.

मागच्या महिन्यात तिच्याकडे जेवायला गेलो होतो. तिच्या पोरीला स्थळं येताहेत. वाढता वाढता सुजाता पोरीला म्हणाली, "बोलण्यावर जाऊ नको गं. मलाही एकजण समोर बसून किती सरळ बोलला होता. खरंच वाटलं होतं मला. भाऊनं जाऊन बघितलं म्हणून वाचले."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी वरणभात कालवत होतो. सुजातानं विचारलं, आणखी वाढू का. मी ताट पुढे केलं.