ओढ्यातून आलेली हाक

भुताखेताच्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. तरी गेल्या हिवाळ्यात जे घडलं ते घडलं तसं लिहितो.

देहूच्या अलीकडे लष्कराच्या हद्दीत एक ओढा आहे. थंडीत ब्लू टायगर जातीची फुलपाखरं तिथल्या करंजांवर वाळल्या पानांसारखी लटकून राहतात. रीतसर परवानगी घेऊन आम्ही दोघं त्यांच्यावर लक्ष ठेवतो — मी आणि मनीषाताई. ताई चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत; सुट्टी इथेच घालवतात.

गोळीबाराच्या सरावाआधी जवान गवताची एक पट्टी जाळून घेतात, म्हणजे ठिणगीने डोंगर पेटत नाही. हे काम सकाळी, दव असताना करतात. नेमकी तेव्हाच फुलपाखरं गारठलेली असतात... ऊन लागेपर्यंत त्यांना उडता येत नाही. म्हणून ओढ्याकाठचा तुकडा शेवटी, ऊन आल्यावर जाळायचा, असं ठरलेलं.

त्या दिवशी वारा लवकर सुटण्याची चिन्हं होती. जवानांवरचे सुभेदार साहेब मावळातले. थांबलो तर आग वस्तीकडे जाईल, म्हणाले. मी परत परत विनवलं.

"पाखरांपायी माणसं जाळू व्हय, राव?"

असं म्हणून साहेबांनी जवानाला खूण केली. ताई माझ्या शेजारी, तोंडाला स्कार्फ बांधून उभ्या होत्या.

जवानाने पलिता पेटवला, तेवढ्यात ओढ्यातून बाईचा आवाज आला. शाळेसाठी मुलांना उठवावं तसा, शांत.

"उठा रे, चला."

आणि सगळा थवा उठला. सावलीत, त्या गारठ्यात. आमच्या डोक्यावरून पलीकडच्या घळीत गेला.

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी स्कार्फ खाली ओढला.

"आवाज माझाच होता," त्या म्हणाल्या. "पण मी बोलले नाही, साहेब."

जवानांनी ओढा पिंजून काढला. कोणी नव्हतं. मग पट्टी जाळली. घळीतली फुलपाखरं हिवाळाभर टिकली. इतक्या थंडीत ती उडणं शक्य नाही, तुमचा थर्मामीटर बिघडला असेल, असं आमची तापमानाची नोंद पाहून एका अभ्यासकांनी सांगितलं. मी तो तपासून घेतला — ठीक आहे.

ताई त्यानंतर आल्या नाहीत. फोनवर शिफ्टचं कारण सांगतात.

यंदा वारा पडलेला होता, त्यामुळे ऊन येईपर्यंत थांबता आलं. फुलपाखरं उडून गेल्यावरही साहेबांनी पलिता अडवला. ओढ्याकडे तोंड करून विचारलं, "आत कोन हाय का?" आणि बराच वेळ थांबले. एकही जवान हसला नाही. आम्ही काय ऐकलं होतं, ते मला अजून सांगता येत नाही — आणि ताईंना विचारायचं धाडस होत नाही.