एकाच टेबलावरच्या दोन जावा

थोरली आणि धाकटी सख्ख्या जावा. शेडमध्ये एकाच टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर उभ्या राहून त्या दिवसभर प्लास्टिक निवडत, पण एकमेकींशी अवाक्षर बोलत नसत. नव्याने आलेल्यांना वाटे, मशीनच्या आवाजामुळे बोलणं होत नसेल. जुन्यांना खरं कारण माहीत होतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी, चार माणसं जमलेली असताना, धाकटी म्हणाली होती, "पाणी पाणी करत गेल्या बिचाऱ्या. जवळच्या माणसाने घोटभर पाणी पाजलं नाही." जवळचं माणूस म्हणजे थोरली. तेव्हापासून काही सांगायचंच झालं तर "तिला म्हणावं" असं तिसऱ्याच्या तोंडून.

शहरभरच्या पिशव्या, दुधाची पाकिटं, बिस्किटांचे कागद असं सगळं गाठोड्यांनी शेडमध्ये येई. धुऊन वाळवलं की ते टेबलावर पडे. त्यातून दोघी लोखंड, काच आणि पाइपांचे तुकडे वेगळे काढत. पाइप तापला की विषारी धूर होतो, म्हणून तो चालत नाही. उरलेला माल मशीनमध्ये जाऊन त्याचा चुरा होई, आणि तो चुरा रस्त्याच्या गरम खडीवर, डांबराच्या आधी टाकत. कामात डोकं लागत नव्हतं, पण अंगातला जीव जाई. थोरलीची कंबर दुपारपर्यंत लाकूड होऊन जायची. घरी गेल्यावर नवऱ्याने काही विचारलं तर ती नुसती मान हलवायची. हो की नाही, ते त्याने समजून घ्यायचं.

अलीकडे धाकटीच्या बाजूने बारीकसारीक काहीबाही सुटायला लागलं होतं. कधी बाटलीचं बूच, कधी तारेचा तुकडा. थोरली हात लांबवून ते उचलून घेई आणि मनात म्हणे, लक्ष नाही बाईचं, जीभ तेवढी चालते.

एके दिवशी धाकटीच्याच बाजूने टिनचं जाड झाकण निसटून गेलं ते थोरलीलाही दिसलं नाही. मशीनने दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि पातं तुटलं. मुकादम धावत आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या डोक्यावरही कोणीतरी बसलेलं होतंच.

"कोणाच्या बाजूने गेलं?" त्याने विचारलं.

धाकटी खाली मान घालून उभी राहिली. थोरलीला एक शब्द पुरला असता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. इतक्या वर्षांचं उट्टं निघालं असतं. पण तिला त्या क्षणी कशाचाच उत्साह वाटेना. उट्टं काढायलाही अंगात बळ लागतं.

"टेबल एकच आहे," ती म्हणाली. "दोघींचं धरा."

मुकादमाने दोघींना सारखंच झापलं आणि पातं आणायला माणूस पिटाळला. मशीन बंद पडल्यामुळे शेडमध्ये एकदम इतकी शांतता झाली की कान दुखायला लागले. दोघी बाहेर येऊन भिंतीच्या सावलीत टेकल्या.

बऱ्याच वेळाने धाकटीने आपला उजवा हात पुढे केला. "बोटांना काही कळत नाही, ताई. काच काय नि पिशवी काय, सारखंच लागतं."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने. घरी नाही सांगितलं. काम सुटेल म्हणून."

थोरलीने तिचं बोट धरून दाबलं. धाकटी दुसरीकडे बघत होती, तिला दाबलेलं कळलंही नाही. टोकाला एक जुनी, न धुतलेली जखम होती. थोरलीने ओढणीचं टोक पाण्यात भिजवून ती पुसली.

"मी त्या दिवशी बोलले ना," धाकटी म्हणाली, "सासूबाईंचं. तसं बोलायला नको होतं."

"खोटं नाही बोललीस."

धाकटीने वर बघितलं.

"डॉक्टरांनी पाणी द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं. सासूबाई सारख्या मागत होत्या. मी दिलं नाही. डॉक्टरांचं ऐकलं." थोरलीने ओढणीचं भिजलेलं टोक पिळलं. "नाहीतरी जायच्याच होत्या. दिलं असतं तर बरं झालं असतं."

"हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"कोणाला सांगायचं? तू तर बोलून मोकळी झाली होतीस."

धाकटी रडली नाही, आणि थोरलीने तिला जवळबिवळ घेतलं नाही. दोघी नवीन पातं येईपर्यंत तशाच बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी थोरली मुकादमाकडे गेली. हिच्या बोटांना कळत नाही, हिला निवडायला ठेवू नका, वाळवणावर टाका, असं तिने सरळ सांगितलं. मुकादम कुरकुरला, पण पुन्हा पातं तुटण्यापेक्षा ते परवडलं. धाकटी उन्हात पिशव्या उलथ्यापालथ्या करू लागली. तिला तपासून डॉक्टर म्हणाले, मानेतली नस दबली आहे, आराम करा. ते ऐकून दोघींनाही हसू आलं.

थोरलीसमोर आता दुसरीच बाई उभी असते. खूप बोलते. थोरलीला त्याचाही थकवा येतो.

घरी मात्र जावा बरोबर जातात. त्यांच्या वस्तीकडे चढणारा रस्ता यंदा त्याच चुऱ्याचा झाला. काळा, गुळगुळीत.

"आपल्या हातचा आहे म्हणे हा," धाकटी एकदा म्हणाली.

"असेल. चढ काही कमी झाला नाही."

चढाच्या मध्यावर धाकटी कठड्यावर टेकते. थोरली शेजारी उभीच राहते. बसलं तर पुन्हा उठवणार नाही, हे तिला माहीत आहे. मग धाकटी डावा हात वर करते, थोरली तो धरून तिला ओढते, आणि दोघी पुढे निघतात.