बघायला आलेली मालकीण

आमच्या नायगावच्या टॉवरमध्ये नोकऱ्या व्हॉट्सॅपवरून येतात. उद्या पाणी येणार नाही असा निरोप, त्याखाली कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, आणि त्याखाली ‘दुकानासाठी लेडीज स्टाफ पाहिजे, अनुभव नसला तरी चालेल’. हे शेवटचं वाक्य खास माझ्यासाठी लिहिलंय असं मला दर वेळी वाटायचं. लग्नाआधी मी एका ट्रॅव्हल एजंटकडे फोन घ्यायचे, त्यानंतर घर एके घर. मग नवऱ्याच्या कंपनीने त्याचा अख्खा विभाग बंद केला आणि त्यातल्या थोड्या लोकांना पुन्हा कंत्राटावर घेतलं. नोकरी कंत्राटी झाली, घराचे हप्ते मात्र कायमस्वरूपी राहिले. मला काम हवंच होतं.

चष्म्याच्या दुकानात गेले, क्लासच्या ऑफिसात गेले, रक्त तपासायच्या लॅबमध्येही जाऊन आले. छोट्या धंद्यात मुलाखत म्हणजे मालक गिऱ्हाईक बघता बघता चार प्रश्न विचारतो. कुठे राहता, उशीर झाला तर चालेल का, पुढच्या महिन्यात गावी तर जाणार नाही ना. आणि मग, अगदी सहज विचारल्यासारखं, “घरी कोण कोण असतं?”

मी खरं सांगायचे. सासूबाई आहेत, त्यांचा विसरभोळेपणा आता आजार झालाय, एकटं ठेवता येत नाही. पण समोरच्या फ्लॅटमधल्या काकू सकाळी बसतील त्यांच्याजवळ, आणि नवरा आठवड्यातले काही दिवस घरूनच काम करतो. माझं पुढचं बोलणं कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही. “कळवतो हं,” म्हणायचे. कुणी कळवलं नाही. त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. दोन माणसांवर चालणाऱ्या दुकानात एक माणूस वारंवार घरी पळालं तर शटर ओढायची वेळ येते. हे मला कळायचं, तरीही घरी येऊन मी भांडी जरा जोरातच घासायचे.

अशातच भाजीवालीकडून कळलं की पाचूबंदरच्या कोळीवाड्यात एक बाई सुक्या बोंबलाची चटणी आणि कोळंबीचं लोणचं करून विकते. तिच्या ऑर्डरी आता लांबलांबून येतात आणि फोन घ्यायला, पार्सलं बघायला तिला कुणीतरी हवंय. मी लगेच फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला. मी माझं नाव, शिक्षण, अनुभव असं सगळं सांगायला लागले, तर तिने मधेच तोडलं.

“ते ऱ्हाऊ दे बाय. पत्ता सांग. रविवारी मिस्सा झाली का येते तुला बघायला.”

“मी येते ना तिकडे.”

“नाय. आमच्यात मीच जाते.”

फोन ठेवला. इतर ठिकाणी निदान सासूबाई तोंडी होत्या. इथे तर बाई घरात येऊन डोळ्यांनी बघणार. तेव्हा मी ठरवून टाकलं, या खेपेला खरं-बिरं काही नाही. आधी काम मिळू दे, मग हळूहळू सांगू. रविवारी सकाळी सासूबाईंना समोरच्या काकूंकडे बसवायचं, त्यांना तिथला टीव्ही आवडतो, आणि तासाभराने घेऊन यायचं. नवऱ्याला हे पटलं नाही, पण माझा चेहरा बघून त्याने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, “पाहुणे येणार तर पोहे कर.” ते तेवढं आम्हा दोघांच्या डोक्यातून निसटलं, की या घरात सगळं विसरलेल्या बाईला पोह्यांचा वास कशाची आठवण करून देईल.

रविवारी मालकीणबाई आल्या. अंगावर मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, नेसलेली चांगली साडी, कानात घसघशीत सोनं. सोबत त्यांच्याकडची सगळ्यात जुनी कामवाली होती. मला वाटलं, वाटेत सोबत म्हणून आणली असेल. तर म्हणाल्या, “कामाला तुझ्या बाजूला हिला बसायचंय. हिनं पन बघायला नको?” त्यांनी टेबलावर नारळ आणि केळ्यांची फणी ठेवली. फणी येताना वाटेतल्या एका वाडीतून घेतलेली होती.

मी न राहवून विचारलं, “तुम्ही सगळ्यांच्या घरी असं जाता?”

त्या म्हणाल्या, “माज्या बापाची बोट होती. नवा खलाशी ठेवायचा तर आधी त्याच्या घरी जाऊन यायचा. चा प्यायचा, पोरांना हाक मारायचा, मग घ्यायचा. दर्यातला धंदा. उद्या काय झालं तर त्याच घरात सांगायला जायचं ना त्याला? पयल्यांदा उंबऱ्यात पाय ठेवायचा तो वाईट सांगायलाच, हे त्याला नको वाटायचं.” मग हसून म्हणाल्या, “आमच्या चटनीत कोन बुडत नाय. पन मला सवय लागली ती लागली.”

मी पोह्यांच्या बश्या आणल्या. मलाच माझं हसू येत होतं, कारण साडी मी जरा बरी नेसले होते, केसही नीट बांधले होते आणि हातात ट्रे होता. तेवढ्यात दार ढकललं गेलं. दारात सासूबाई उभ्या. डोक्यावरून पदर घेतलेला, चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांत न पाहिलेला करारीपणा. मागे काकू हातवारे करून सांगत होत्या की वास आला आणि या उठल्याच, ऐकेनात. सासूबाईंनी नारळ पाहिला, पोहे पाहिले, मला ट्रे घेऊन उभं पाहिलं, आणि थेट मोठ्या खुर्चीत जाऊन बसल्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी जिथे बसायचं असतं तिथेच.

“पावणं, वाटंत काही त्रास?” त्यांनी विचारलं. सासूबाई साताऱ्याकडच्या.

मी ट्रे ठेवून पुढे झाले. “आई, अहो, त्या कामासाठी...”

“तू गप बस. मोठी माणसं बोलतायत.”

संपलं, असं मला वाटलं. नवरा उठायला लागला, पण मालकीणबाईंनी त्याला हातानेच थांबवलं. त्यांना सगळं कळलं होतं. पदर सारखा करून त्या सासूबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, “काय त्रास नाय मावशी. विचारा तुम्ही काय ते.”

आणि सासूबाईंनी विचारायला सुरुवात केली.

“घरात बाया किती?”

“हायत पाच-सहा.”

“सासू कशी हाय?”

“सासू मीच,” मालकीणबाई म्हणाल्या. सोबत आलेली बाई तोंडाला पदर लावून हसली.

सासूबाई हसल्या नाहीत. “हात उचलता का?”

त्या बाईने तोंडावरचा पदर खाली घेतला. मालकीणबाईंनी अगदी सरळ आवाजात सांगितलं, “नाय मावशी. आवाज चढतो कवा कवा. हात नाय.”

“जेवायला मागं ठेवता?”

“दुपारी सगळ्याजनी संगती बसतो. मी पन.”

“आजारी पडली तर?”

“घरी धाडते. गोळी देऊन.”

मी भिंतीला टेकून ऐकत होते. इतकी वर्षं मी या बाईच्या हाताखाली काढली होती. आमचं फार बरं कधीच नव्हतं. मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं होतं आणि परत जाताना माझ्या आईला म्हणाल्या होत्या, रंग जरा दबलेला आहे. तो राग मी नीट जपून ठेवला होता, लोणच्याच्या बरणीसारखा. पण त्यांचं एकेक विचारणं ऐकताना मला लख्ख कळलं की यातलं काहीही माझ्याबद्दल नाही. त्या स्वतः लग्न होऊन गेल्या तेव्हा हे कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नव्हतं.

मग त्यांनी माझ्याबद्दल सांगायला घेतलं. “पोरगी फटकळ हाय. तोंडावर बोलती. तेवढं पदरात घ्या. पण सकाळी उठवावं लागत नाही. हाताला चव हाय. आजाऱ्याचं करती, तोंड वाकडं करत नाही.” इथे त्या जरा अडखळल्या. बांगड्यांशी चाळा करत म्हणाल्या, “मला हल्ली काही ध्यानात राहत नाही. माझं सगळं हिलाच ठावं असतं. ही गेल्यावर माझं कसं व्हायचं, ते काही मला कळत नाही. पण म्हणून पोरीला घरात बांधून ठिवायची का?”

जे लपवायला मी सगळा घाट घातला होता ते त्यांनीच असं समोर मांडून ठेवलं. त्या मला त्यांची मुलगी समजत होत्या. ज्या आजाराने त्यांच्या मनातून माझं नाव पुसलं होतं, त्याच आजाराने मला त्यांच्या पोटची केलं होतं. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

मालकीणबाई उठून त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसल्या. म्हणाल्या, “मावशी, मी हिला लांब नेत नाय. दुपारी जेवली का घरी. आनि ज्या दिवशी तुमच्याजवळ कोन नसंल त्या दिवशी तुम्ही पन या हिच्या संगती. लसूण सोलाल?”

“सोलीन की,” सासूबाई म्हणाल्या. “लसणाला काय झालंय?”

ते खरंच तसंच चाललंय. ज्या दिवशी काकूंना जमत नाही आणि नवऱ्याला ऑफिस असतं, त्या दिवशी आम्ही दोघी रिक्षाने पाचूबंदरला जातो. सुक्या मासळीचा वास त्यांना आधी सहन व्हायचा नाही, आता कळत नाही की चालतो, देव जाणे. त्या रविवारी सोबत आलेली बाई त्यांच्याजवळ बसते आणि त्यांनी सोललेल्या पाकळ्या हळूच पुन्हा सोलून घेते. मी फोन घेते, पार्सलं बांधते. मालकीणबाईंचा आवाज चढतो, माझाही चढतो, आणि दुपारी आम्ही सगळ्या संगती जेवतो. माणूस निवडायच्या पुष्कळ पद्धती असतील. मला जिने निवडलं तिने माझ्या घराकडे अडचण म्हणून बघितलं नाही, याचे उपकार मी कधी विसरणार नाही.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलंय. चहा झाला. मालकीणबाई निघायला उठल्या आणि सासूबाईंच्या पाया पडून म्हणाल्या, “आमाला पोरगी पसंत हाय. तुमचं काय ते सांगा.”

मला वाटलं, आता त्या हो म्हणतील. अशा वेळी मोठी माणसंच हो म्हणतात. माझ्या वेळी वडिलांनी म्हटलं होतं. मी तेव्हा स्वयंपाकघरात कपबशा विसळत होते आणि तिथूनच ऐकलं होतं.

सासूबाईंनी मात्र मला जवळ बोलावलं. माझा हात धरला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला, तरी तो सगळ्यांना ऐकू गेलाच. म्हणाल्या, “तुला पसंत हाय का गं? नसंल तर आत्ताच सांग. मी बघते यांच्याकडं.”

मी मान हलवली.

“मानेनं नको. तोंडानं सांग.”

“हो आई,” मी म्हटलं, “मला पसंत आहे.”