चांगल्या पायाची उडी

ग्वांगजू शहरातल्या दवाखान्यात मा इन-सुक बाई वीस वर्षं खेळाडूंचे गुडघे तपासत होत्या. हँडबॉल खेळणारी सोरा लिगामेंटच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांनी एकेका पायावर उडी मारून दाखवत होती. चांगल्या पायाची एकशे वीस सेंटिमीटर भरली, ऑपरेशनच्या पायाची एकशे बारा. चांगल्या पायाच्या नव्वद टक्के उडी भरली, की मैदानावर परतायची परवानगी मिळायची.

"नव्वद टक्क्यांच्या वर गेले! आता खेळू ना, ताई?"

बाईंनी ऑपरेशनआधीच्या तपासणीचा कागद काढला. चांगल्या पायाची उडी तेव्हा दीडशेची होती.

"अगं, हा पाय कधी लंगडा झाला?"

सोरा ओशाळली. "मुद्दाम कमी मारली."

"मग आता खरी मार."

या खेपेला एकशे अठ्ठेचाळीस भरली. बाईंनी तीच लिहिली, टक्के शहात्तरवर आले, आणि बाईंनी आणखी दोन महिने व्यायाम सांगितला. सोरा दार आपटून गेली. सोमवारी मात्र व्यायामाला वेळेआधी हजर होती.