क्वेसीच्या नगराची वेस

२००९ साल. मी तेव्हा अठ्ठावन्नचा, चौथी शिकलेला, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वेल्डर. मंदीनं वर्कशॉप बंद पडलं, मालक कुठं गेला कुणास ठाऊक, पासपोर्ट त्याच्याकडेच. आम्ही कोकणातली माणसं कॅम्पच्या खोलीत अडकून पडलो. आमच्यात परका एकटाच, घानाचा क्वेसी. तो आता, इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात त्याच्या देशात वारला. त्याच्या मुलीचा फोन आला. तिचं इंग्रजी मला कळेना, पण ‘पापा’ आणि पुढचं रडणं कळलं...

तेव्हा काम नव्हतं, म्हणून संध्याकाळी क्वेसी मोडक्या हिंदीत गोष्टी सांगायचा. चंद्रापलीकडचं एक नगर, काळ्या माणसांनी बांधलेलं आणि त्यांच्याच मालकीचं. तिथं माणसाला बांधून ठेवणारा कफील नाही, पासपोर्ट नाही. वेशीवरचा पहारेकरी एवढंच विचारतो, तुझ्या आजाला कशाला हात लावू देत नव्हते? खरं सांगितलं की वेस उघडते.

आमच्या मेसचा कारभारी सावंत विचारायचा, “हबीबी, तिथं बांगडा मिळतो काय?”

“मिलता है. साफ तेरे को करना पड़ेगा.”

मी एकदा चिडून म्हटलं, कशाला खोटंनाटं सांगतोस? तो म्हणाला, “चाचा, पुरानी कहानी में काला आदमी हमेशा नौकर. इसलिए मैं आगे का बोलता हूँ.”

एकदा त्यानं तोच प्रश्न आम्हा सगळ्यांना केला. सावंत म्हणाला, “माझ्या आजाला आजी हात लावू देत नव्हती!” खोली हसली. मग माझी पाळी आली.

“विहिरीला,” मी म्हणालो.

हसू थांबलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे इतकी वर्षं कुणाला माझी वाडी कळली नव्हती. स्वयंपाकाची पाळी आली की ‘मला येत नाही’ म्हणून मी भांडी घासायला बसायचो. उद्या कळलं तर, ह्यानं आम्हाला बाटवलं, असं कुणी म्हणायला नको. त्यांना वाटायचं, म्हातारा कामचुकार आहे.

सावंत भिंतीकडं तोंड करून आडवा झाला. क्वेसी तेवढा उठला, माझा हात धरून म्हणाला, “चाचा, अंदर आओ.”

पुढं पासपोर्ट सुटले. तो घानाला गेला, मी गावी आलो, भेट राहिली ती राहिलीच. आता नातू म्हणतो, आजोबा, असल्या हवेतल्या गोष्टींनी काय होतं? तो शिकलेला आहे, त्याच्याशी वाद घालत नाही. मला त्या संध्याकाळनंतरची सकाळ आठवते, एवढंच.

सगळ्यांच्या आधी उठलो. तांदळाची उकड काढली, मळली, आई थापायची तशा पातळ भाकऱ्या थापल्या. पहिली भाकरी क्वेसीला दिली नाही. ती सावंताच्या पुढ्यात ठेवली, आणि त्यानं तुकडा मोडीपर्यंत तिथंच उभा राहिलो.