सत्तावीस मेला की वाचला

चौदावं, शेवटचं रीळ मशीनवर होतं आणि खाली खुर्च्या मोडायला लागल्या.

हे कळायला मला खिडकीतून बघावं लागलं नाही. शिट्टी, टाळी, लाकूड मोडणं, सगळं केबिनमध्ये वेगवेगळं ऐकू येतं. अकोल्यातल्या एका टॉकीजमध्ये मी एकवीस वर्षं ऑपरेटर होतो. ऑपरेटर म्हणजे पिच्चर दाखवणारा. लोकांना वाटतं, ह्याने फुकटात किती पिच्चर पाहिली असतील! आम्ही पिच्चर पाहत नाही, आम्ही कार्बन पाहतो. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये जाळ पेटतो आणि त्या उजेडावर पडदा उजळतो. कांड्या जळतील तशा पुढे सरकवाव्या लागतात. नजर हलली की पडदा पिवळा पडतो आणि खालून माझ्या आईची आठवण काढली जाते.

त्या शुक्रवारी, बाराच्या पहिल्याच शोला, मात्र मी नजर हलवली. पडद्यावर एजंट सत्तावीस पडला होता. हेराच्या पिच्चरांची ती मोठी मालिका. पंधरा वर्षांत पाच भाग आले, हा सहावा आणि शेवटचा. हिरोला नाव नव्हतंच, नुसता नंबर. पाचही भागांत तो बर्फात, वाळवंटात, समुद्रात कुठेही सापडला तरी सुटायचा. ह्या वेळी जुन्या किल्ल्यात चहूकडून वेढला गेला आणि पकडला जाऊ नये म्हणून त्याने कोटाचं तिसरं बटण फोडून आतली गोळी खाल्ली. मग काळा पडदा आणि ‘समाप्त’.

अर्धे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. उरलेले अर्धे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना मारायला निघाले होते. आणि बायकांच्या बाजूला एक बाई मोठ्याने रडत होती. तिला दोघींनी धरून बाहेर नेलं. ते रडणं पिच्चरमधल्या माणसासाठी नव्हतं, एवढं वर केबिनमध्ये मलाही कळलं.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात ‘औषध’ हा शब्द बिघडला होता. पिकावर फवारायचं ते औषध. पण ‘अमक्याने औषध घेतलं’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा पुढे काही विचारत नसे. डॉक्टरकडून आलेला माणूससुद्धा ‘गोळी घेतली’ म्हणायचा, ‘औषध घेतलं’ म्हणायचा नाही.

मॅनेजरसाहेब जिना चढून वर आले. जाड माणूस, जिना चढून आला की आधी दोन मिनिटं नुसता श्वास घ्यायचा.

“सुधाकर, शेवट काढ.”

“साहेब, प्रिंट कंपनीची आहे.”

“खुर्च्या माह्या आहेत. अन् थ्या बाईले पाह्यलं ना तू? रोज असं पाहाचं आहे काय? तीनच्या शोले हिरो जिता पाह्यजे.”

मी म्हटलं, “कसा?”

“ऑपरेटर तू हायेस का मी?”

आता सांगतो, कसा. रीळ म्हणजे शेवटी एक लांब फीत. कात्रीने कापायची, टोक ब्लेडने खरवडायचं, सिमेंट नावाचं एक झोंबऱ्या वासाचं द्रावण लावायचं, दुसरं टोक त्यावर ठेवून दाबायचं. झाला जोड. चौदाव्या रिळाच्या सुरुवातीला सत्तावीस मोटारसायकलवरून किल्ल्याकडे जातो. मी तो तुकडा तिथून काढला आणि किल्ल्यातल्या मारामारीनंतर लावला. वेढा, बटण, गोळी, सगळं कापून डब्यात ठेवलं. आता सत्तावीस मारामारी करतो, मोटारसायकलवर बसतो, समाप्त. अर्ध्या तासात काम झालं. खोटं कशाला बोलू, मला माझ्या हाताचं कौतुक वाटलं.

तीनच्या शोला टाळ्या पडल्या. जाताना साहेब एवढंच म्हणाले, “बाहेर बोलला तं उद्यापासून दुसरी टॉकीज पाह्य.” आणि दुसरी टॉकीज तेव्हा मिळत नव्हती. दोन बंद पडल्या होत्या, एकीचं गोडाऊन झालं होतं.

आता आमच्या टॉकीजच्या दोन पक्क्या गिऱ्हाइकांबद्दल.

अशफाकभाई टेलर होता. दुकान टॉकीजसमोरच. गवई गुरुजी दर्यापूरजवळच्या शाळेवर मास्तर. पहिल्या भागाला दोघं शेजारी बसले, तेव्हापासूनची दोस्ती. प्रत्येक भाग पहिल्या दिवशी, पहिल्या शोला, बाल्कनीतल्या त्याच दोन खुर्च्या. आणि एक रीत होती. प्रत्येक भागाला अशफाकभाई एका कापडातून दोन शर्ट शिवायचा, एक स्वतःला, एक गुरुजींना. सारख्या शर्टातले ते दोन बाप्ये येताना पाहून आमचा गेटकीपर म्हणायचा, “आली बँडपार्टी.”

सहाव्या भागाला गुरुजींच्या शाळेत नेमकी शुक्रवारी तपासणी निघाली. अशफाकभाईने एकट्याने पाहिला. गुरुजी रविवारी आले. बस उशिरा आली म्हणून धावतच आत शिरले. अशफाकभाई शो सुटेपर्यंत गेटजवळच्या चहाच्या गाडीवर कागदात बांधलेला शर्ट घेऊन बसून राहिला. मी चहाला खाली उतरलो होतो. मला म्हणाला, “सुधाकरभाऊ, दोन दिवस झाले, जेवन जाऊन नाही राह्यलं. गुरुजी येऊ द्या, दोघं मिळून रडतो.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण चहा संपायचा होता आणि साहेब गेटवर उभे होते.

गुरुजी हसत बाहेर आले. अशफाकभाईने पुडकं हातात दिलं. गुरुजी म्हणाले, “मजा आली लेका! कसा गेला फटफटीवर!”

“कोन गेला?”

“सत्तावीस. अजून कोन?”

अशफाकभाई हसला. त्याला थट्टा वाटली. “गुरुजी, थो तं मेला ना.”

“काहून मरन? मी आता पाहून आलो.”

“मीनं शुक्रवारी पाह्यलं. मेला. औषध घेतलं त्यानं.”

गुरुजींचा चेहरा एकदम उतरला. मला कारण माहीत नव्हतं, गाडीवाल्याला माहीत होतं. त्याने मान खाली घातली. मागाहून कळलं, गुरुजींचा धाकटा भाऊ जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात होता. जिनिंग बंद पडली. दिवाळीच्या आधी तो गेला. कसा, ते मी वर सांगितलंच आहे.

“अशफाक,” गुरुजी हळू आवाजात म्हणाले, “काय बोलून राह्यला तू?”

तेव्हा अशफाकभाईच्या लक्षात आलं, आपल्या तोंडून कोणता शब्द गेला. तो गडबडला. “तसं नाई गुरुजी, कसम से! पिच्चरमंधीच हाय. गोळी होती, बटनात…”

“पिच्चरमंधी नाई. मी डोळ्यानं पाह्यलं. पिच्चरमंधी नाई तं कुठलं बोलून राह्यला तू? माह्या घरचं?”

“या सुधाकरभाऊले इचार ना! थ्याच्याच हातानं चालते पिच्चर.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं.

मी म्हणू शकलो असतो, मी पिच्चर पाहत नाही, कार्बन पाहतो. तेही अर्धं खरं होतं. पण गुरुजी डोळ्यांत डोळे घालून उभे होते आणि मला वाटलं, ह्या माणसाला कशाला ते ऐकवायचं, वाचला म्हटलं तर बरं वाटेल. असं तेव्हा वाटलं असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरी गोष्ट, मी साहेबांना घाबरलो होतो.

“वाचला गुरुजी,” मी म्हणालो. “मोटारसायकलवर जाते थो.”

गुरुजी पुडकं काखेत धरून बसस्टँडकडे चालायला लागले. अशफाकभाई मागे गेला, हाका मारल्या. त्यांनी मान वळवली नाही.

शहरात दोन पार्ट्या पडल्या. शुक्रवारी बाराचा शो पाहिलेले म्हणायचे मेला, बाकीचे म्हणायचे वाचला. पानठेल्यांवर पैजा लागल्या, कॉलेजात भांडणं झाली. मेला म्हणणारे खात्री करायला पुन्हा आले. साहेब खूश होते, पिच्चर सहा आठवडे हललं नाही. अशफाकभाईच्या बाजूने त्या शोचे शे-दोनशे लोक सहज उभे राहिले असते. पण गुरुजींनी त्यांना विचारलंच नाही. त्यांनी मला विचारलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात अशफाकभाई केबिनमध्ये आला. गळ्यात टेप तशीच.

“पुन्हा पाह्यला,” म्हणाला. “मारामारीत त्याची डावी बाही खांद्यात उसवते. फटफटीवर बसते तं बाही सलग. एवढ्या वेळात कोनं शिवली, भाऊ? मी तं नाही शिवली.”

मी कांड्या पुढे सरकवल्या.

“तुमी कापलं. कापा. तुमचं काम हाये. मले एकच पाह्यजे. माह्यासंग दर्यापूरले चाला, गुरुजीले सांगा का मी त्यायच्या भावावरून बोललो नाही. मी दोनदा जाऊन आलो. घरात असून नाही म्हनून सांगतात.”

“पिच्चर उतरू द्या,” मी म्हणालो. “उतरलं की जाऊ.”

“वादा?”

“वादा.”

पिच्चर उतरलं. प्रिंट अमरावतीला वितरकाच्या ऑफिसात परत जायची होती. मी सगळे तुकडे पुन्हा जागच्या जागी जोडले. फक्त गोळी खातो त्यातला हातभर तुकडा ठेवून घेतला. हातभर फीत म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद. गुरुजींना दाखवायला लागेल म्हणून ठेवला. म्हणजे जायचं माझ्या मनात होतं, हे लिहून ठेवतो. पण नवीन पिच्चर आलं, मग मशीन बिघडलं, मग लग्नसराई. साहेब अजून तेच होते, नोकरी तीच होती. अशफाकभाई पहिल्यांदा दर शुक्रवारी विचारायचा. मग नुसता समोरून हात वर करायचा. मग तेही बंद झालं. उन्हाळ्यात गुरुजींची बदली मेळघाटात झाली, धारणीच्या पुढे.

पावसाळा सरताना अशफाकभाई दुकानात, मशीनवरच गेला. हार्ट. मी खांदा दिला. कबरस्तानातून परतताना त्याचा मुलगा म्हणाला, “अब्बा गुरुजीची लय आठवन काढत होते. त्यायले कळवाले पाह्यजे. आमच्यापाशी पत्ता नाही.”

“मी जातो,” मी म्हणालो.

अकोटवरून एसटी, पुढे जीप. रस्त्याने हाडं खिळखिळी झाली. गुरुजी शाळेच्या मागच्या खोलीत एकटेच राहत होते. मला पाहून उठले, पाणी दिलं, चहा टाकला. कशाला आलात, असं विचारलं नाही. मी वाटभर दोन गोष्टी घोळवत आलो होतो आणि सोपी आधी काढली. खिशातला तुकडा त्यांच्या हातात दिला.

“उजेडात धरा.”

त्यांनी खिडकीशी धरला. चोवीस बारकी चित्रं. पहिल्यात हात बटणावर, शेवटच्यात तोंडाशी. ते एकेक चित्र पाहत खाली गेले, मग पुन्हा वरून पाहिलं. मी सगळं सांगितलं. साहेब, कात्री, बाही, माझा शब्द. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“म्हंजे थो खरं बोलत होता,” एवढंच म्हणाले.

मग ट्रंक उघडली. तळाशी ते पुडकं होतं. सुतळीची गाठसुद्धा सुटली नव्हती. त्यांनी ती दातांनी तोडली, शर्ट झटकला आणि अंगातला काढून तो घालायला लागले. घडीच्या रेषा तशाच होत्या. पोटावर थोडा ताणत होता. त्यांनी खालची कड उलटून शिवण पाहिली आणि हसले.

“दोन बोटं कापड सोडलं आतून. थ्याले ठाऊक होतं मी जाड होनार.” बटणं लावत म्हणाले, “चाला, तीनची जीप सापडते. आज मुक्काम त्याच्याकडंच. आधी माफी मागतो, मग दोन लावतो त्याले, अजून दोनदा दार वाजवलं असतं तं काय झालं असतं म्हना. तुमाले एकट्यालेच काहून धाडलं त्यानं? थो काहून नाही आला?”

तिसऱ्या बटणाशी त्यांचा हात होता. मी पुन्हा शेवट मागे ठेवला होता.

सांगितला. ते खाटेवर बसले. चहा उतू गेला, दोघांपैकी कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी उरलेली बटणं लावली, एकेक, वरपर्यंत. म्हणाले, “जीप सापडते अजून. कबर दाखवा मले.”

जीपनंतर एसटी मिळाली. अकोट सोडल्यावर त्यांनी विचारलं, “पिच्चर चांगलं होतं काय हो? पुरं पाह्यलं तं?”

मी म्हटलं, “मीनं पाह्यलं नाही, गुरुजी.”

पुढे टॉकीज बंद पडली. मी निवृत्त झालो, असं आपलं म्हणायचं. साहेब वारले. तो हातभर तुकडा गुरुजींकडे आहे. ऑपरेटरची नोकरी आता उरली नाही, त्यामुळे माझा धडा कुणाच्या उपयोगाचा नाही. तरी सांगतो. फीत कापली तर जोडता येते, तुकडा डब्यात जपून ठेवला की झालं. माणसाला खरं सांगायचं असेल तर पिच्चर उतरायची वाट पाहू नये.